आधी रुमाल, मग खिडकी

पौर्णिमा,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाई, माझ्यावर लिहून राहिल्या म्हणे तुमी? मी काय केलं असं?" काही केलं नाहीस, म्हणूनच लिहितेय. मोठ्या माणसांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांना शाली-नारळ मिळतात. मला बारावी झालेल्या एका पोट्टीवर लिहायचंय, जिने मागच्या जुलैत दोन दिवस माझं डोकं उठवलं. यातलं निम्मं तू स्वतः सांगितलेलं आहे, निम्मं मी डोळ्यांनी पाहिलेलं. मी-मी करत बसायचा मला कंटाळा येतो, तेव्हा मीसुद्धा इथे माणिकबाई म्हणूनच येईन. कुठे चुकलं असेल तर तोंडावर सांग, पाठीमागे तुझ्या मैत्रिणीजवळ, आकांक्षाजवळ नको. तर ऐक.

पौर्णिमा धम्मदीप खंडारे परतवाड्याची. वडील एसटीत कंडक्टर, आई माया अंगणवाडीत मदतनीस. आई दुसऱ्यांच्या लेकरांत अडकलेली, म्हणून शाळा सुटली की हिची रवानगी डेपोत. कंट्रोलरच्या खिडकीखाली एक बाक होता. त्यावर गृहपाठ व्हायचा, डबा संपायचा आणि उरलेल्या वेळात ती गाड्या पाहायची.

पाहायची म्हणजे नुसती टकमक नव्हे. आठ-नऊ वर्षांची असताना ती भरलेल्या गाडीकडे एक नजर टाकून सांगायची, "आसेगावले पाच उतरतीन." पाच उतरायचे. ड्रायव्हर मंडळींना आधी गंमत वाटली, मग त्यांनी तिला विचारलं, कसं गं कळतं तुले? तर म्हणाली, ज्याची पिशवी मांडीवर आहे आणि जो दाराकडे पाहून राहिला, तो जवळचा. ज्यानं चपला काढल्या, तो अमरावतीचा. डेपोत तिचं नाव पडलं अंदाजबाई. खिडकीची जागा कुठल्या थांब्यावर रिकामी होईल हे तिला विचारून लोक उभे राहायचे.

त्याच डेपोत तिने ती पोरंही पाहिली. खांद्याला ड्रॉइंगच्या कागदाची लांब नळी अडकवलेली, सोमवारी पहाटे अमरावतीची गाडी पकडणारी. ही सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जातात, असं धम्मदीपने सांगितलं. पौर्णिमा त्या नळ्या मोजायची. एका सोमवारी सात होत्या, त्यातली एक मुलीच्या खांद्यावर. त्या मुलीचं नाव तिला कधी कळलं नाही, नळी मात्र हिरवी होती हे ती अजून सांगते.

एक खोट मात्र पोरीत होती. दुसऱ्याबद्दलचा अंदाज बिनचूक, स्वतःबद्दलचा कायम दोन पायऱ्या खाली. दहावीला म्हणाली, ऐंशी पडले तरी खूप. त्र्याण्णव पडले. तेव्हा आनंद होण्याऐवजी ती घाबरली. कुणाचा तरी पेपर चुकून आपल्याला आला की काय, म्हणून चार दिवस तिने पेढे वाटू दिले नाहीत.

अकरावीला ती अकोल्याला आली. आमच्या गावात आता शिकवणीच्या वर्गांचीच शेती पिकते. जठारपेठेत माणिकबाईंच्या घराच्या वरच्या खोलीत दोन मुली राहायला आल्या. एक वरूडची आकांक्षा, संत्र्याच्या बागायतदाराची, डॉक्टर होऊ घातलेली. दुसरी ही. माणिकबाई म्हणजे मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, वय शहात्तर. पहिल्याच दिवशी पौर्णिमा म्हणाली, "आजी, नळाले पाणी कवा येते?"

"सकाळी सहाला. आणि आजी म्हणायचं नाही. बाई म्हण."

"कावून?"

"आजी म्हटलं की मुली काम सांगतात. बाई म्हटलं की काम करतात."

दोन वर्षं पोरीने मान मोडून अभ्यास केला. त्याचं कौतुक मी लांबवत नाही, अकोल्यात दर तिसऱ्या खिडकीत एक पोरगी तेच करते. सीईटीचा निकाल लागला. पंच्याण्णवच्या वर पर्सेंटाईल, म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव जणांच्या पुढे. माणिकबाईंनी साखर हातावर ठेवली. पोरीने ती खाल्ली आणि वर जाऊन वही उघडली.

ती वही माणिकबाईंनी नंतर पाहिली. मागच्या तीन वर्षांत कुठल्या कॉलेजात कुठल्या आकड्यावर शेवटची जागा गेली, ते सगळं पेन्सिलीने उतरवलेलं. पक्कं मिळेल त्याला हिरवी रेघ, कदाचितला पिवळी, विसरा म्हणावं त्याला लाल. अमरावतीच्या सरकारी कॉलेजातली कॉम्प्युटरची शाखा पिवळी होती. एका वर्षी शेवटचा आकडा तिच्या किंचित खाली, एका वर्षी किंचित वर. तिने मोबाईलवरच्या अंदाज सांगणाऱ्या यंत्राला विचारलं, ते म्हणालं बासष्ट टक्के शक्यता. वर्गाच्या सरांना विचारलं, ते म्हणाले होऊन जाईल. आणखी दोन सरांना विचारलं, एक म्हणाले कठीण, दुसरे म्हणाले फी भरून समुपदेशनाला या. पंधरा दिवस जो भेटेल त्याला, काय वाटते, लागन का? दूधवाल्यालासुद्धा विचारलं! तो म्हणाला, "ताई, मले दुधाचं विचारा."

वर्गातली एक मुलगी मात्र न विचारता बोलली. "तुह्यं काय टेन्शन पौर्णिमा, तुले तं लागनच." लागनच या शब्दावर ती जरा रेंगाळली.  पौर्णिमाने घरी येऊन वहीतलं सर्वात वरचं नाव खोडरबरने खोडलं.

आता तो फॉर्म. मुलांनी आपल्याला हव्या त्या कॉलेजांची क्रमवार यादी भरायची, शेवटची तारीख शुक्रवार, संध्याकाळी पाच. धम्मदीपने फोनवर लेकीला आपलं जन्माचं ज्ञान दिलं. बाजाराच्या दिवशी परतवाड्याच्या स्टँडवर गाडी लागली की दाराशी झोंबायचं नाही. खिडकीतून हात घालून मिळेल त्या सीटवर रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा आपली. "आधी रुमाल टाक माय," तो म्हणाला. "बसाले भेटलं का मंग खिडकी पाहू."

पोरीला ते पटलं. तिने अकोल्याचं एक खाजगी कॉलेज, जिथे ती राखीव-खुल्या कुठल्याही रांगेतून सहज लागत होती आणि जिथे तिला कुणी लागनच म्हणू शकलं नसतं, ते पहिल्या क्रमांकावर टाकलं. दुसरं तसंच एक. अमरावतीचं सरकारी तिसरं. गुरुवारी दुपारी कोपऱ्यावरच्या पिंटूच्या सायबर कॅफेत जाऊन तिने तो फॉर्म भरला. पिंटूने शेवटचं बटण दाबलं आणि दोघं ओटीपीची वाट पाहत बसले. नोंदणीच्या वेळी नंबर दिला होता बापाचा. सहा आकडी ओटीपी जाणार त्याच्या फोनवर.

"बाबा कुठी आहेत?" पिंटूने विचारलं.

"धारणीच्या गाडीवर. आता सेमाडोहच्या पुढं असतीन."

"मंग झालं! मेळघाटात वाघाले रेंज नाई, तुह्या बाबाले कुठून भेटन? उद्या ये."

ती यादीचा छापील कागद घेऊन तणतणत घरी आली. माणिकबाई ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांनी हात पुढे केला. कागद चष्म्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"ही यादी पिंट्याने उलटी छापली का गं?"

"नाई बाई. बरोबर आहे."

"अकोल्याचं पहिलं?"

"ते पक्कं आहे न."

"पक्कं आहे म्हणून पहिलं? तुला तिथे जायचंय का?"

"जायचं नाई. पण आधी रुमाल टाकाव लागते. बाबा म्हणतात."

माणिकबाईंनी गवार बाजूला सारली. "नियमांचं पुस्तक आण. सोळावं पान काढ. मोठ्याने वाच."

पौर्णिमाने वाचलं. पहिल्या फेरीत ज्याला पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळेल, त्याची ती जागा पक्की समजली जाईल आणि त्याला पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येणार नाही. तिने ते आधी तीनदा वाचलं होतं. तिन्ही वेळा तिला त्यात पक्की एवढंच दिसलं होतं, आणि बरं वाटलं होतं.

"आता ऐक," माणिकबाई म्हणाल्या. "गाडी लागली. दारात कंडक्टर उभा. तो विचारतो, कुठे बसायचंय ते एकाखाली एक सांग. तू म्हणतेस, मागच्या चाकावरची सीट. तो म्हणतो, रिकामी आहे, बस, तिकीट फाडलं. खिडकीही रिकामीच होती. पण त्याला काय स्वप्न पडलंय? तू मागितलीच नाहीस."

"आणि खिडकी मागितली अन् भरलेली निघाली तं?"

"तर तो तुला खाली ढकलतो का? पुढची विचारतो. ती नसेल तर त्याच्या पुढची. चाकावरची कुठे पळून जातेय? ती तुझ्या नंबराने तुला ठेवलेलीच आहे. ज्याचा नंबर वरचा त्याला आधी विचारतात, ज्याने यादीत आधी लिहिलं त्याला नाही. इथे रुमालाला किंमत नाही. उलट पहिल्या नंबरावर रुमाल पडला की गाडीचं दार बंद."

पोरीने सोळावं पान पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मंग मी अकोल्यातच अडकली असती?"

"ओटीपी आला असता तर आतापर्यंत अडकली होतीस."

तिचं तोंड उतरलं. माणिकबाईंनी तेवढ्यात वही ओढून घेतली होती. "आणि हे वर काय खोडलंय?"

"उगीच. पुण्याचं होतं."

"उगीच कुणी इतक्या जोरात खोडत नाही. कागद फाटलाय."

"लोक हसतीन, बाई."

"कोण लोक? यादी यंत्र वाचतं. यंत्राला दात आहेत का हसायला?"

तेव्हा कुठे ती त्या लागनचबद्दल बोलली. माणिकबाईंचा पारा चढला. "कायद्याने दिलेली जागा आहे ती, कुणाच्या घरून आणलेली वाटीभर साखर नाही. आणि ती भवानी तुझा पेपर लिहायला आली होती का? म्हणणारे म्हणणारच. त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून तू स्वतःलाच खालच्या पायरीवर बसवणार?"

"तुमी काय केलं असतं?"

"मी केलं तेच सांगतेय. अमरावतीला बीएस्सी झाले. पुढे नागपूरला एमएस्सीचा फॉर्म आणला होता. भरला नाही, कारण अकोल्यातली शाळेची नोकरी खात्रीची होती. मिळाली ती धरली. इतकी घाई, की पदवीचा कागद आणायलाही परत गेले नाही. कॉलेजच्या ऑफिसात पडला असेल अजून."

"मंग पस्तावा झाला?"

"तुझ्यासारख्या पोरी शिकवताना पस्तावायला सवड कुणाला होती? पण खिडकी मागितली नाही, हे खरं. जा, पाणी आण."

संध्याकाळी सातला धारणीहून फोन आला. गाडीचा मुक्काम तिथेच होता. पौर्णिमाने फोन माणिकबाईंच्या हातात दिला.

"जयभीम मॅडम! मले इथं आल्यावर एक मेसेज दिसला. सहा आकडे आहेत. मी कोणालेच सांगतले नाई. बँकेवाले म्हणतात सांगू नका."

"फार छान केलंत, खंडारे. आयुष्यात पहिल्यांदा बँकेचं ऐकल्याचा फायदा झाला." आणि त्यांनी यादीचं सांगितलं.

धम्मदीप काही लगेच ऐकणाऱ्यांतला नव्हे. "हातचं सोडून पळत्याच्या मागं कावून लागाव मॅडम? पोरगी हाय, एकटी. अकोल्यात तुमी आहा."

"मी काय अमरपट्टा घेऊन आलेय? आणि हातचं सुटत नाहीये हो. ते खाली लिहिलं तरी हातातच आहे." मग त्यांनी चाकावरची सीट पुन्हा सांगितली, या वेळी कंडक्टरला.

 मग धम्मदीप म्हणाला, "म्हंजे रिझर्वेशनच्या चार्टावानी? नंबर आधीच लागलेला, रुमाल कोणाचाच चालत नाई?"

"हां. तसंच."

"अरे बाप्पा! मंग आमी तं पोरीले चाकावर बसवून राहिलो होतो!"

त्या संध्याकाळी यादी नव्याने लिहिली गेली. पहिलं पुणे, माणिकबाईंच्या हट्टापायी. दुसरं अमरावतीचं सरकारी, कॉम्प्युटर. तिसरं तेच कॉलेज, दुसरी शाखा. अकोल्याचं खाजगी सातवं. लिहिताना पोरीची पेन्सिल पुण्याशी अडली, अमरावतीशी मात्र अडली नाही, हे माणिकबाईंनी पाहिलं.

रात्री पिंटूचं दुकान बंद, आणि सकाळी ते उघडायच्या आत गाडी धारणीहून सुटणार. शुक्रवारी धम्मदीपची गाडी अकराला परतवाड्यात पोहोचायची. सव्वाअकराला पौर्णिमा आणि माणिकबाई पिंटूकडे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर हजर. बारा वाजले. एक वाजला. फोन लागेना. डेपोत विचारलं, तर घाटात ट्रक आडवा झालाय, मागे सगळ्या गाड्या अडकल्यात. पिंटूच्या दुकानात पंखा होता, पण तो पिंटूकडेच तोंड करून फिरायचा. पौर्णिमा वहीच्या मागच्या पानावर काहीतरी मांडत बसली होती.

"काय करतेस?"

"ट्रक दोनपर्यंत निघाला तं शक्यता सत्तर टक्के. तीन वाजले तं चाळीस."

"पुरे झाली तुझी टक्केवारी. पोहे खा."

दोन वाजले. तीन वाजले. पोरीने लिहिणं बंद केलं.  माणिकबाई पिंटूवर ओरडत होत्या, साईट बंद पडली तर बघ म्हणून, जणू साईट त्याच्या मामाची.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला.

"पौर्णिमा! घाट उतरलो. दोन कांड्या आल्या रेंजच्या. गाडी उभी केली. पाठवा लवकर!"

पिंटूने बटण दाबलं. फोनवर गाडीतला गलका ऐकू येत होता, एक कोंबडीही होती त्यात. धम्मदीपने गाडीत हाळी दिली, "जरा चूप बसा भाऊ! पोट्टीचा नंबर येऊन राहिला!" आणि खरंच, अख्खी गाडी चूप बसली. कोंबडीसुद्धा.

"आला!"

"सांगा काका," पिंटू म्हणाला.

"तू कोण? पोरीले फोन दे. मी कोणालेबी सांगत नसतो."

पौर्णिमाने फोन घेतला. बापाने थांब्यांची नावं पुकारावीत तसे सहा आकडे एकेक करून पुकारले. मागून कुणी म्हातारा तेच आकडे त्याच्यामागे म्हणत होता, लेकराचं काम चुकू नये म्हणून. पिंटूने ते टाकले. पडद्यावर हिरवं वर्तुळ फिरलं, फिरलं, आणि फॉर्म पक्का झाल्याचं आलं.

"झालं बाबा."

"झालं हो!" धम्मदीप तिकडे गाडीत ओरडला. डबल बेल वाजली आणि फोन कट झाला.

पुढच्या आठवड्यात यादी लागली. पिंटूने पडदा पौर्णिमाकडे वळवला. पुणे नाही. दुसरं नाव लागलं होतं. अमरावती, सरकारी, कॉम्प्युटर.

तिने ते तीनदा वाचलं आणि ती हसायला लागली. रडेल असं वाटलं होतं, पण हसतच सुटली. माणिकबाईंचा जीव भांड्यात पडला, पण त्यांनी तो दाखवला नाही. "अंदाजबाई, चुकला की नाही परत तुमचा अंदाज?" एवढंच म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी शिऱ्यात तूप जरा जास्तच घातलं.

धम्मदीपचा फोन आला.  माणसाचा स्वभाव पाहा! म्हणतो, "मॅडम, पुढच्या फेरीत पुण्याचं पाहाव का?"

"खंडारे! आठ दिवसांपूर्वी तुम्ही चाकावर बसत होतात!"

पौर्णिमाने फोन घेतला. "नाई बाबा. मले हेच पाहिजे होतं."

"मंग पहिलेच कावून नाई सांगतलं?"

"तुमी सगळे विचारत होते, काय भेटन. काय पाहिजे, थे कोणी विचारलंच नाई. मीबी नाई."

तिने अमरावतीची जागा घेतली आणि पुढच्या फेऱ्यांकडे पाहिलं नाही. ऑगस्टमध्ये सामान बांधलं तेव्हा माणिकबाईंनी तिला एक चिठ्ठी दिली. मी अमुक, माझा पदवीचा कागद आपल्या कार्यालयात असल्यास तो या मुलीजवळ द्यावा. खाली सही, आधार कार्डाची झेरॉक्स जोडलेली. "तुझ्या कॉलेजपासून रिक्षाने पंधरा मिनिटं. सवड झाली की जाऊन ये."

"पहिल्याच शनिवारी जातो बाई."

पहिल्या शनिवारी ती स्वतःसाठी हिरवी नळी घ्यायला गेली. दुसऱ्या शनिवारी गेली, तर ऑफिस दुपारी बंद झालेलं. मग सबमिशन आली, मग परीक्षा. दिवाळीत ती अकोल्याला उतरली तेव्हा चिठ्ठी वहीत, कॉलेजांच्या आकड्यांच्या पानांमध्ये तशीच होती. तारीख जुनी झाली म्हणून माणिकबाईंनी ती खोडून नवी घातली. संक्रांतीला तीही जुनी झाली. परवाच्या फोनवर पौर्णिमाने मेसच्या पाणीदार वरणाचं सांगितलं, एका विषयात वर्गात पहिली आल्याचं सांगितलं, आकांक्षाची चौकशी केली. चिठ्ठीचा विषय तिने काढला नाही, आणि खिडकी मागायला शिकवणाऱ्या माणिकबाईंनीही विचारलं नाही.